पगारवाढ : याचना की हक्क?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या या व्याख्यानमालेत आजवर शील, समाधी, प्रज्ञा, पारमिता अशा विषयांवर बोलणे झाले. आज आम्ही पगाराविषयी बोलणार आहोत. विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा काही ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला विचारले, "विहारात पगाराचा विषय कशाला? एकीकडे तृष्णा सोडा म्हणायचे आणि त्याच व्यासपीठावरून पगारवाढ मागा म्हणायचे, हे कसे जमणार?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

प्रथम हा विषय का निवडला ते सांगतो. आपल्या मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चाचे वाचन चालू होते. एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "अभ्यासिकेच्या ताईंचे मानधन सहा वर्षे तेवढेच कसे?" कार्यकारिणीतून उत्तर गेले, "त्यांनी कधी मागितलेच नाही." ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "समाजाचं काम आहे. मागायला बरं वाटत नाही." सभा पुढच्या विषयाकडे वळली, परंतु आम्हा व्यासपीठावर बसलेल्यांना ते वाक्य टोचत राहिले. कारण आमच्यापैकी बहुतेक जण बँकेत, रेल्वेत, टपाल खात्यात, महापालिकेत नोकरी केलेले. आमची वार्षिक वेतनवाढ न मागता येत होती. महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत होता. आणि ज्या बाई पहाटे सहाला अभ्यासिकेचे कुलूप उघडतात, त्यांच्याकडून मात्र आम्ही मागण्याची अपेक्षा ठेवली होती.

मागायला बरं वाटत नाही, हे शब्द केवळ एका ताईंचे नाहीत. खाजगी कंपनीत काम करणारी आपली शिकलेली मुलेही हेच बोलतात. याचे मूळ कोठे आहे?

बंधू-भगिनींनो, आपल्या पूर्वजांना पगार नव्हता, वतन होते. महारकी वतनात सरकारी टपाल पोचविणे, दवंडी देणे, गावात येणाऱ्या अंमलदारांची सरबराई करणे, मेलेली जनावरे ओढणे, मयताची खबर परगावी नेणे, अशी कामे चोवीस तास अंगावर असत. वतनदार घरी नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला बोलावून नेत. मोबदला म्हणजे इनामी जमिनीचा तुकडा आणि बलुते. बलुते खळ्यावर जाऊन मागायचे आणि भाकरी दारोदार जाऊन मागायची. म्हणजे काम आधीच झालेले असे, तरीही त्याची मजुरी हात पसरून घ्यावी लागे. देणाऱ्याला वाटे आपण दान करतो आणि घेणाऱ्यालाही हळूहळू तसेच वाटू लागले. मजुरीचे रूपांतर भिकेत कसे होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे वर्म ओळखले होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे आणि कामाच्या बदल्यात काय मिळणार हे ठरलेले असावे, हा त्यातील महत्त्वाचा भाग होता. ते विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकी वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तरीही त्या विधेयकातील विचार आज आपल्याला उपयोगी आहे. काम कोणते, तास किती आणि दाम किती हे जोवर कागदावर येत नाही, तोवर माणूस नोकर नसतो, तो मिंधा असतो.

आपल्या आईवडिलांनी गावकी सोडली, शहरात आले आणि मुलांना एकच शिकवण दिली : "काही झाले तरी कुणापुढे हात पसरू नका." ही शिकवण स्वाभिमानाची होती. परंतु आमच्या पिढीने तिचा अर्थ चुकीचा लावला. आम्ही मागणे या शब्दालाच घाबरू लागलो. वास्तविक पाहता मागणे दोन प्रकारचे आहे. जे आपले नाही ते दुसऱ्याच्या दयेवर मागणे ही याचना. जे आपण कष्टाने कमावले आहे, परंतु हातात पडलेले नाही, ते मागणे ही मागणी. याचना करताना मान खाली जाते, मागणी करताना हिशेब पुढे ठेवावा लागतो. हा फरक एकदा ध्यानात आला की पगारवाढ मागण्यात लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

आता धम्माच्या बाजूने पाहू. तथागतांनी भिक्खूंना भिक्षाटन सांगितले, गृहस्थांना सांगितले नाही. गृहस्थाला त्यांनी सम्यक आजीविका सांगितली. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला उपदेश करताना त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. धर्माने आणि स्वतःच्या कष्टाने मिळविलेली संपत्ती जवळ असणे हे पहिले, तिचा योग्य उपभोग व दान घडणे हे दुसरे, कोणाचे ऋण नसणे हे तिसरे आणि निर्दोष आचरण हे चौथे. त्यांत निर्दोष आचरणाचे सुख सर्वांत श्रेष्ठ, बाकीची तिन्ही मिळून त्याच्या अंशाएवढीही नाहीत, असे तथागत म्हणतात. परंतु म्हणून त्यांनी पहिली तीन टाकून दिली नाहीत. ज्याचा पगार महिन्याच्या वीस तारखेला संपतो आणि जो उरलेले दहा दिवस उधारीवर काढतो, त्याला अऋणसुख कोठून मिळणार? त्याला तृष्णा सोड म्हणून सांगणे हा उपदेश नव्हे, ती थट्टा आहे. बाबासाहेबांनीही बुद्धाच्या शिकवणीचा अर्थ सांगताना दारिद्र्याचा गौरव केलेला नाही.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त आपल्या विहारात अनेकदा वाचले जाते. त्यात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : नोकराच्या शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात काळजी घेणे, चांगले पदार्थ वाटून खाणे आणि वेळोवेळी रजा देणे. त्यासमोर नोकराचीही पाच कर्तव्ये आहेत : मालकाच्या आधी उठणे, नंतर झोपणे, दिलेलेच घेणे, काम चोख करणे आणि मालकाची कीर्ती राखणे. आम्ही हे सुत्त वाचताना बहुधा दुसरी यादी मोठ्याने वाचतो आणि पहिली घाईने उरकतो. कर्तव्ये दोन्ही बाजूंची आहेत. एका बाजूचे कर्तव्य म्हणजे दुसऱ्या बाजूचा हक्क. म्हणून वेतन मागणारा नोकर धम्माविरुद्ध जात नाही, तो मालकाला त्याच्या धम्माची आठवण करून देतो. मात्र आपली पाच कर्तव्ये पाळल्याशिवाय ही आठवण करून देण्याचा अधिकार येत नाही, हेही तितकेच खरे. उशिरा येणारा, टेबलावर फायली कुजविणारा माणूस पगारवाढ मागू लागला तर त्याचे नुकसान होतेच, शिवाय त्याच्या मागून येणाऱ्या आपल्या मुलांचेही होते.

मग तृष्णा कोठे सुरू होते? गरज आणि हाव यांतील रेषा कोणी आखायची? यासाठी अंदाजाने बोलण्याची आवश्यकता नाही, ठोस माप उपलब्ध आहे. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र मान्य झाले. एका कमावत्या माणसामागे तीन खाणारी माणसे धरायची, प्रौढ माणसाला दिवसाला २७०० उष्मांक मिळतील एवढे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती व इतर खर्चासाठी वीस टक्के. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने यात भर घातली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपणाची व लग्नकार्याची तरतूद यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरले पाहिजेत, असा निर्वाळा दिला. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा किमान मूळ पगार १८,००० रुपये ठरविला, तोही याच सूत्राच्या आधारे. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर वहीच्या एका पानावर आपल्या घराचा असा हिशेब मांडा. धान्य, भाडे, वीज, गॅस, शिक्षणाचे शुल्क, औषधे. जो आकडा येईल त्याच्या खाली पगार असेल तर मागणी ही गरज आहे. त्याच्या कितीतरी वर असेल आणि तरीही झोप लागत नसेल, तर भन्तेजींकडे जावे.

बाबासाहेब कामगारांचेही नेते होते, ही गोष्ट आपण जयंतीच्या मिरवणुकीत विसरतो. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार अधिक होता आणि नेमक्या त्याच खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे निमित्त पुढे केले जाई. हे खाते खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत आलीच पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. पगाराचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकाच धाग्याने कसे बांधलेले आहेत, ते येथे दिसते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात ते अग्रभागी होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच एप्रिल १९४६ मध्ये मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. २०१९ च्या वेतन संहितेत त्यातील तरतुदी सामावून घेण्यात आल्या. भारतीय राज्यघटनेच्या कलम ३९ मध्ये समान कामाला समान वेतन आणि कलम ४३ मध्ये निर्वाहापुरते वेतन ही तत्त्वे आली. १९८२ साली दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी दाम देऊन काम करून घेणे ही कलम २३ ने बंदी घातलेली वेठबिगार होय. वतनाविरुद्ध सुरू झालेली लढाई अशा रीतीने राज्यघटनेपर्यंत पोचली.

परंतु मागणी कशीही केली तरी चालते, असे मात्र नाही. बाबासाहेबांनी १९२९ च्या गिरणी संपाला पाठिंबा दिला नव्हता. लांबलेल्या संपात सर्वांत आधी उपाशी कोण राहतो, हे ते जाणून होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांची मागणी न्याय्य होती. तरी पुष्कळांना परत कामावर जाता आले नाही आणि पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. आपल्या वस्तीतील किती घरांची चूल त्या संपाने विझविली, ते येथील ज्येष्ठांना सांगायला नको. सबब, मागणी न्याय्य असणे पुरेसे नाही, तिच्यामागे तयारीही लागते.

आपल्याच वस्तीतील एका मुलाची गोष्ट सांगतो. पदवीधर, हुशार, कामाला वाघ. एका खाजगी आस्थापनेत तीन वर्षे काम केले. पगार पहिल्या दिवशी होता तेवढाच. एका शनिवारी त्याने साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तोंडी पगारवाढ मागितली. उत्तर मिळाले, "सोमवारपासून येऊ नकोस." तो आमच्याकडे आला तेव्हा आम्ही विचारले, नेमणूकपत्र आहे का? नाही. पगारपत्रक? नाही, पगार रोख मिळत होता. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक? माहीत नाही. तीन वर्षे तेथे काम केले हे सिद्ध करायला त्याच्याजवळ एक फोटो होता, ऑफिसातल्या सत्यनारायणाच्या पूजेचा! आम्ही हसलो नाही. चूक त्याची एकट्याची नव्हती. अभ्यासिकेत त्याला स्पर्धा परीक्षेसाठी सारी कलमे आम्ही पाठ करून घेतली, परंतु स्वतःचे नेमणूकपत्र मागायला शिकविले नाही.

म्हणून विद्यार्थ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. पहिली, कागद. नोकरीला लागल्या दिवसापासून नेमणूकपत्र, पगारपत्रक, हजेरीची नोंद आणि निधीचा क्रमांक एका फाइलमध्ये ठेवा. पगार शक्यतो बँकेतूनच घ्या. दुसरी, माहिती. आपल्या उद्योगासाठी शासनाने ठरविलेले किमान वेतन किती, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून कळते. महाराष्ट्रात त्यावरील विशेष भत्ता महागाईनुसार दर सहा महिन्यांनी बदलत आलेला आहे. शेजारच्या कंपनीत त्याच कामाला काय मिळते, तेही विचारून घ्या. तिसरी, अर्ज. मागणी लेखी करा, नक्कल काढा आणि नकलेवर आवक शिक्का किंवा सहीची पोच घ्या. अर्जात आपण केलेले काम आकड्यांत लिहा. घरची अडचण लिहू नका. आईचे आजारपण लिहिले की मागणीची याचना होते आणि साहेब कनवाळू होऊन पाचशे रुपये हातावर ठेवतो. "आपण मायबाप आहात, कृपादृष्टी असावी" असली वाक्ये अर्जात नकोत. जोहार जाऊन जयभीम आला, तो आपल्या अर्जातही यायला हवा. भाषा नम्र असावी, लाचार नसावी. चौथी, सोबत. एकट्याने मागितले तर काढून टाकणे सोपे, दहा जणांनी सही केली तर बोलणे भाग पडते. दुसरी नोकरी हातात नसताना राजीनाम्याची धमकी देऊ नका. आणि आस्थापना खरोखरच तोट्यात असेल तर ते समजून घ्या. तेव्हा वाढ पुढे ढकलता येते, परंतु पुढची तारीख लेखी घ्या.

सोबतीचे बळ काय असते, ते मुंबईच्या कचरा वाहतूक कामगारांनी दाखविले. महापालिकेचा कचरा उचलणारे हे कंत्राटी कामगार, त्यांत बहुसंख्य आपले बौद्ध व दलित बांधव. शेजारी काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा पगार कितीतरी कमी. शहराची घाण उचलायची आणि कागदावर मात्र महापालिकेशी नाते नाही, अशी स्थिती. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली ते अनेक वर्षे लढले. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २७०० कामगारांना कायम करण्याचा तो निर्णय उचलून धरला. या कामगारांपैकी पुष्कळांना अर्जही लिहिता येत नव्हता, तरी ते एकत्र राहिले. आम्ही पदवीधरांनी त्यांच्याकडून शिकले पाहिजे.

येथे आम्हा नोकरदारांना एक कठोर प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. वेतन आयोग आला की आम्ही थकबाकीचा हिशेब करतो. आमच्याच कार्यालयात झाडू मारणारी, पाणी देणारी माणसे ठेकेदाराची असतात. ती बहुधा आपल्याच समाजातील असतात. त्यांना किती मिळते, हे आमच्यापैकी किती जणांनी विचारले आहे? आमच्या मागण्यांच्या निवेदनात शेवटचे कलम म्हणून तरी त्यांचे नाव असते काय? आरक्षणाने आम्हाला खुर्ची मिळाली ती आमच्या एकट्याच्या संसारासाठी नाही. जो स्वतःपुरती वाढ मागतो त्याच्या मागणीत हाव शिरायला वेळ लागत नाही. जो खालच्या माणसाची वाढ आपल्या मागणीबरोबर मागतो, त्याला तृष्णेचे भय कमी असते.

आणि आपण स्वतः मालक असतो तेव्हा? घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना आठवड्याची सुटी देतो का, त्यांच्या आजारपणात पैसे कापतो का, हे सिगालोवाद सुत्ताच्या पुढच्या वाचनाआधी प्रत्येकाने घरी जाऊन तपासावे.

शेवटी पुन्हा अभ्यासिकेकडे येतो. मानधन हा मोठा सोयीचा शब्द आहे. मान देतो म्हणून धन थोडे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला आहे. अंगणवाडी सेविकांनाही मानधनच मिळते, परंतु एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. काम करणाऱ्याला कोणतेही नाव दिले तरी ते काम राहतेच. आमचा असा प्रस्ताव आहे की, या वर्षापासून संस्थेने ताईंच्या कामाचे तास लिहून काढावेत, किमान वेतनाच्या दराने त्यांचा पगार ठरवावा, दरवर्षी त्यात न मागता वाढ करावी आणि मागील सहा वर्षांच्या फरकापोटी काही रक्कम द्यावी. निधी नाही, असे सांगितले जाईल. तो कोठून येईल तेही सांगतो. आम्ही निवृत्त व नोकरीतील सभासदांनी आपल्या पुढच्या महागाई भत्त्याच्या वाढीतील पहिल्या महिन्याचा फरक संस्थेत जमा करावा. आम्ही आमचा आज जमा करीत आहोत, पावती कोषाध्यक्षांनी द्यावी.

ताई आजही मागच्या रांगेत बसल्या आहेत. ताई, तुम्ही मागितले नाहीत यात तुमचा मोठेपणा होता, परंतु तो आमच्या जमाखर्चात शिल्लक म्हणून धरला गेला, ही आमची चूक आहे. यापुढे वाढ राहिली तर सभेत उभे राहून मागा. समाजाचे काम आहे म्हणूनच मागा.